अडीच मिनिटांची कसोटी

घोड्यांची शर्यत म्हटली की पाठीवर स्वार घेऊन चौखूर उधळलेला घोडा आपल्या डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतला ‘स्टँडर्डब्रेड’ घोडा मात्र दोन चाकांच्या हलक्या गाडीला जुंपून पळतो. त्याने चौखूर उधळायचे नाही. एक तर दुडकी चाल, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम. नाही तर एकाच बाजूचे दोन्ही पाय एकदम. चाल मोडली, तर हाकणाऱ्याने त्याला आवरून पुन्हा चालीवर आणलेच पाहिजे.

या घोड्याचे मूळ मेसेंजर नावाच्या इंग्लिश घोड्याकडे जाते. त्याला १७८८ साली फिलाडेल्फियाला आणले. त्याचा पणतू हॅम्बलटोनियन १८४९ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मला. आई लंगडी होती. मालकाने ही मायलेकरे १२५ डॉलरला आपल्याच शेतगड्याला, विल्यम रिस्डिकला, विकली. गड्याने शिंगरू जिवापाड वाढवले. पुढे त्या घोड्याला तेराशेवर पिल्ले झाली आणि गडी श्रीमंत झाला. आजचे जवळजवळ सगळे स्टँडर्डब्रेड त्याचेच वंशज आहेत.

नावाची कथाही ऐकण्यासारखी आहे. ‘स्टँडर्ड’ म्हणजे प्रमाण. १८७९ साली पैदासकारांनी नोंदणीचे प्रमाण ठरवले. वंश पाहिला जाई. पण मुख्य कसोटी घड्याळाची होती. एक मैल अडीच मिनिटांत! घोड्याने स्वतः किंवा त्याच्या संततीने गुण सिद्ध करावा, असा तो विचार होता.

अंगाने हा घोडा थोडा लांबट, मजबूत पायांचा आणि स्वभावाने शांत. म्हणूनच शर्यती संपल्यावर यांतले कित्येक घोडे अमिश शेतकऱ्यांच्या बग्ग्या ओढतात. १८९६ साली जन्मलेल्या डॅन पॅचचा मागचा पाय वाकडा होता. त्याने १९०५ साली एक मैल १ मिनिट ५५¼ सेकंदांत तोडला. २०२२ साली बुलडॉग हॅनोव्हरने तेच अंतर १ मिनिट ४५.८ सेकंदांत कापले.

आज मात्र नोंद होते ती मुख्यतः आईबाप पाहून. ज्या कसोटीने नाव दिले ती मागे पडली, नाव तेवढे राहिले. आम्हांला वाटते, वही कोणतीही असो, तिच्यात एकदा जन्माचा रकाना मोठा झाला की गुणाचा रकाना आपोआप लहान होतो. लंगड्या घोडीचे शिंगरू सांभाळणाऱ्या त्या गड्याने वही पाहिली नव्हती, शिंगरू पाहिले होते.