मोजमापाची अब्रू

अन्नातील शिसे डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेला कळत नाही. किलोभर पदार्थात दोन-चार मिलिग्रॅम असले तरी ते आपले काम करीतच असते, आणि कोवळ्या मुलांच्या मेंदूला झालेली इजा मागाहून भरून येत नाही. अशा शत्रूचा पत्ता केवळ रसायनशाळाच लावू शकते. म्हणूनच तिचा शब्द निःसंशय असला पाहिजे.

तो तसा नसला म्हणजे काय होते, हे २०१५ साली साऱ्या देशाने पाहिले. झटपट शेवयांच्या एका नमुन्यात दर दशलक्ष भागांत १७.२ भाग शिसे असल्याचा अहवाल आला, मर्यादा २.५ भागांची होती. देशभर बंदी झाली. त्याच वर्षी १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. उत्पादकाचे म्हणणे ऐकून घेतलेले नव्हते आणि अहवाल देणाऱ्या प्रयोगशाळांना कायद्याने आवश्यक असलेली मान्यता नव्हती. न्यायालयाने नेमलेल्या तीन प्रयोगशाळांच्या फेरतपासणीत शिसे मर्यादेच्या आत निघाले. विश्वास कोणत्या आकड्यावर ठेवावा, हा प्रश्न मात्र गृहिणीच्या पदरी पडला.

दोष शास्त्राचा नव्हे. ॲलन वॉल्श यांनी १९५५ साली मांडलेली अणुशोषणाची पद्धती आज सर्वमान्य आहे. नमुना नत्राम्लात विरघळवून तापवला, की मोकळे झालेले शिशाचे अणू ठराविक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात; त्यावरून प्रमाण निघते. परंतु नीट न धुतलेले काचपात्र, अशुद्ध आम्ल, खोलीतील धूळ यांतूनही नमुन्यात नसलेले शिसे त्यात शिरते. म्हणून नमुन्याविना कोरी चाचणी घ्यावी लागते आणि ज्ञात प्रमाणाचा पदार्थ तपासून यंत्राची परीक्षा करावी लागते. ही शिस्त पाळली नाही, तर लाखोंचे यंत्रही अफवाच छापून देते.

शिस्तीचे फळ बांगलादेशाने दाखविले आहे. तेथे हळदीला झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट मिसळीत. तपासणी, दंड व लोकजागृती यांची जोड मिळताच, २०१९ साली बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत आढळलेली ही भेसळ २०२१ साली शून्यावर आली. सांगलीच्या हळदपेठेचा अभिमान बाळगणाऱ्या महाराष्ट्राने हा धडा गिरवण्यात कमीपणा मानू नये.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक सरकारी अन्नप्रयोगशाळेला मान्यता, पुरेसे रसायनज्ञ आणि पुरेसा निधी मिळाला पाहिजे. तिचे अहवाल नागरिकांना वाचावयास मिळाले पाहिजेत. बंदीचा हुकूम काढणे सोपे असते. न्यायालयात टिकेल असा आकडा काढणे कठीण. शासनाने या कठीण कामाला आधी हात घालावा.