16 जुलैपूर्वी एकदा मैदानावर जा

पालकहो, शिक्षकहो, आणि ज्यांच्या घराजवळ मुलं खेळतात अशा सर्वांनो,

16 जुलै 2004. शुक्रवारची सकाळ. तमिळनाडूत कुंभकोणमच्या काशीरामन रस्त्यावरच्या एका शाळेत माध्यान्ह भोजनाची चूल पेटली होती. तिथून आग गवता-झावळ्यांच्या छपराला लागली आणि पाहता पाहता वरच्या मजल्यावर भरलेल्या वर्गांवर पसरली. खाली यायला अरुंद जिना. त्या दिवशी 94 मुलं गेली. बहुतेक सगळी प्राथमिक वर्गांतली.

कुंभकोणम आपल्याला परकं नाही. भोसल्यांच्या तंजावर राज्यातलं हे गाव. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी करणारे टी. माधवराव 1828 साली इथेच जन्मले. या भागात आजही घरात मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. पण नातं नसतं, तरीही ही गोष्ट मी आज तुमच्यापुढे ठेवली असती. कारण ते छप्पर लपलेलं नव्हतं. मुलांना सोडायला येणाऱ्यांना, शिकवणाऱ्यांना, तपासणीला येणाऱ्यांना, रस्त्याने जाणाऱ्यांना ते रोज दिसत होतं. चूल दिसत होती, जिना दिसत होता. दिसत होतं, म्हणूनच सवयीचं झालं होतं.

नंतर सगळं झालं. तमिळनाडूतल्या शाळांवरची गवती छपरं उतरवली गेली. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या शाळांना अग्निशमनाची साधनं ठेवण्याचे आणि कर्मचाऱ्यांना ती वापरायला शिकवण्याचे आदेश दिले. खटल्याचा निकाल तंजावरच्या न्यायालयात 2014 मध्ये लागला, म्हणजे तब्बल दहा वर्षांनी. जे आधी एका पत्राने, एका हट्टाने व्हायला हवं होतं, ते 94 मुलं गेल्यावर झालं.

शाळेसाठी निदान नियम तरी आले. पण शाळा सुटल्यावर आपलं मूल जिथे धावतं, त्या मैदानाचं, त्या बागेचं काय? मार्च 2024 मध्ये मुंबईत वडाळ्याच्या महर्षी कर्वे उद्यानात चार आणि पाच वर्षांचे दोन सख्खे भाऊ खेळता खेळता पाण्याच्या भूमिगत टाकीत पडले आणि बुडाले. टाकीवर पक्कं झाकण नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या मृत्यूंची दखल घेतली. एक लोखंडी झाकण, त्याला एक कुलूप, एवढाच त्या दोन जिवांचा प्रश्न होता.

म्हणून माझं कळकळीचं आवाहन आहे. येत्या 16 जुलैच्या आत आपल्या घराजवळच्या मैदानात किंवा बागेत एकदा जा. मोजायची टेप आणि फोन बरोबर घ्या, मुलांनाही न्या. कुठे भीती वाटते, कुठे लागतं, हे त्यांना आपल्यापेक्षा नेमकं ठाऊक असतं. आणि एवढं नक्की पाहा:

1. पाणी. टाकी, विहीर, गटार, चेंबर यांवर मूल उचलू शकणार नाही असं झाकण आहे का? फळी, पत्रा, ताडपत्री किंवा प्लास्टिक म्हणजे झाकण नव्हे. त्यावर पाय पडला की खालचा खड्डा उघडतो.

2. वीज. दिव्याच्या खांबाची खालची पेटी उघडी आहे का? वायर लोंबते का? डीपीला कुंपण आणि कुलूप आहे का? पावसाळ्यात ओल्या जमिनीवर, ओल्या पायांनी खेळणाऱ्या मुलासाठी ही सगळ्यात तातडीची गोष्ट.

3. खेळण्यांखालची जमीन. मैदानावरच्या बहुतेक दुखापती पडण्यामुळे होतात. आपल्याकडे मात्र घसरगुंडीखाली पेव्हर ब्लॉक बसवून वर सुशोभीकरणाची पाटी लावतात. अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेत काँक्रीट आणि डांबरच काय, साधी माती आणि हिरवळही पडणाऱ्या मुलाला वाचवणारी मानलेली नाही. त्याच मार्गदर्शिकेनुसार नऊ इंच वाळूचा थर फार तर चार फुटांवरून पडणाऱ्याला सांभाळतो. खेळणं त्याहून उंच असेल तर जाड रबरी गाद्या किंवा लाकडाच्या ढलप्यांसारखा मऊ थर लागतो. खेळण्याच्या चारही बाजूंना सहा फूट जागा मोकळी हवी. झोक्याच्या पुढेमागे त्याहूनही जास्त.

4. फटी. कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर मोजा. साडेतीन ते नऊ इंचांची फट घातक असते. लहान मुलाचं अंग पायांकडून त्यातून निसटतं, डोकं मात्र अडकतं.

5. खेळणी. गंजलेले पाय, निघालेले नट-बोल्ट, झिजलेली साखळी, तुटून धारदार झालेली कड. भर दुपारी पत्र्याच्या घसरगुंडीला हात लावून पाहा. तुमचा तळवा पोळला, तर मुलाची मांडी भाजेल. ओढणी किंवा गळ्यातली दोरी घालून मुलांना घसरगुंडीवर चढू देऊ नका, ती अडकून फास बसतो.

6. फाटक. चेंडूमागे धावणारं मूल थेट रस्त्यावर जातं का?

जे सापडेल त्याचा फोटो काढा. ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिकेच्या उद्यान विभागाला लेखी तक्रार द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका. मुंबईत तातडीच्या धोक्यासाठी 1916 वर कळवता येतं. उघडं चेंबर दिसलं तर ते बंद होईपर्यंत भोवती दोर बांधा, कुणाला तरी तिथे उभं करा. विजेच्या वस्तूला मात्र स्वतः हात लावू नका. मुलांना दूर करा आणि वीज कंपनीला बोलवा. दाद लागली नाही, तर दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारा: हे मैदान शेवटचं कुणी आणि कधी तपासलं? तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. गावात असाल तर हाच प्रश्न ग्रामसभेत उभं राहून विचारा.

नगरसेवकांना, सरपंचांना आणि अधिकाऱ्यांना विनंती: उद्घाटनाच्या पाटीशेजारी आणखी एक पाटी लावा. मैदानाची जबाबदारी कुणाकडे, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, तक्रार कोणत्या क्रमांकावर करायची, एवढं तिच्यावर लिहा.

आणि कृपा करून एक करू नका. धोका दिसला म्हणून मैदानालाच कुलूप लावू नका. खेळायची मुलं खेळणारच. मैदान बंद झालं तर ती रस्त्यावर, गच्चीवर, बांधकामाच्या वाळूवर खेळतील. कुलूप टाकीला लावा, मैदान उघडं ठेवा.

कुंभकोणमची ती मुलं आज तिशीच्या आसपास असती. काहींची मुलं शाळेत जाऊ लागली असती. दर 16 जुलैला त्यांचे आईवडील त्यांच्या स्मारकापाशी जमतात, फोटोंना फुलं वाहतात. त्या आईवडिलांसाठी आपण इथून काही करू शकत असू, तर ते एवढंच: त्या तारखेच्या आत आपल्या गल्लीतलं एक झाकण पक्कं बसवून घ्यायचं.

येत्या रविवारी सकाळी निघा. शेजाऱ्यालाही हाक मारा.