वाडा पाडायचा, की वाढवायचा?

सदाशिव किंवा शनिवार पेठेतून कॉलेजला जात असाल, तर टेकू लावलेला एखादा वाडा तुम्ही रोज बघत असणार. उद्या तिथे पत्रे लागले की आपण ‘वारसा गेला’ अशी स्टोरी टाकतो आणि विसरतो. फुले दांपत्याने १८४८ मध्ये जिथे मुलींची शाळा सुरू केली, तो भिडे वाडाही वर्षानुवर्षांच्या वादात खंगला. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो पाडावा लागला. मग साध्या राहत्या वाड्यांचं काय?

आधी कारण समजून घेऊ. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठवली. २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली खरी. पण मूळ भाडंच किरकोळ असेल, तर त्यात कौलंही बदलून होत नाहीत. त्यात सामायिक संडास आणि गळकं छप्पर. अशा वेळी बिल्डरची ऑफर आली, तर मालक आणि भाडेकरू नाही कशाला म्हणतील? आपल्या फोटोंसाठी त्यांनी तसंच राहायचं का?

पण ‘पाडा’ आणि ‘जसंच्या तसं ठेवा’ यांच्या मधेही वाट आहे. मुंबईची १९९५ ची हेरिटेज नियमावली बघा. ग्रेड एकला जवळपास हात लावता येत नाही. दोन-ए मध्ये आतले बदल चालतात. दोन-बी मध्ये त्याच आवारात वाढीव बांधकामही होऊ शकतं. फक्त त्याची उंची आणि दर्शनी भाग जुन्याला साजेसा हवा.

हेच पुण्यातल्या वाड्याला लावून बघा. दिंडी दरवाजा, सागवानी खांब आणि चौक राखून मागे नवं स्वयंपाकघर, बाथरूम, जिना जोडता येईल. चौकावर स्लॅब टाकला, की मात्र उजेड-वारा गेला आणि वाडाही गेला. चुन्यातल्या जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, तर ओल आत कोंडते आणि लाकूड कुजतं.

यासाठी पैसा लागतो. न वापरलेलं बांधकामाचं क्षेत्र टीडीआर म्हणून विकायची तरतूद आहे, पण ती यादीतल्या वास्तूंसाठी. यादीबाहेरच्या मालकाच्या हाती काय? म्हणून पुढची स्टोरी टाकण्याआधी तुमच्या नगरसेवकाला एवढंच विचारा: आपल्या पेठेतले किती वाडे यादीत आहेत, आणि त्यातल्या किती मालकांना टीडीआर खरंच मिळाला?