जोड निवडताना नाव नको, माप पाहा

रेडिओ-नियंत्रित गाडी बांधायची म्हटली की चर्चा रंगते ती मोटरच्या ताकदीची, चाकांची आणि विजेरीची. विजेरी आणि वेगनियंत्रक यांना सांधणारा जो बोटाच्या पेराएवढा जोड असतो, ज्याला आपण सारे कनेक्टर म्हणतो, त्याची आठवण सर्वांत शेवटी होते. मग पेटीत जो सापडेल तो बसवला जातो. लहान खेळण्यात हे खपून जाते. जास्त शक्तीच्या गाडीत मात्र ते धोक्याचे आहे. अशा गाडीत जोडाची निवड आधी व्हावी, आणि ती मोजमाप करून व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा विषय आपल्या जिल्ह्याला परका नाही. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे लष्करी वाहनांवर काम करणारी वाहन संशोधन व विकास संस्था आहे. १९७२ साली आलेली लुना मोपेड याच गावच्या कारखान्यात घडली आणि २०२४ साली तिची विजेरीवर चालणारी बहीण ई-लुना बाजारात आली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने शेतीतील ड्रोनचा अभ्यास हाती घेतला आहे. शेजारच्या पुण्यात संरक्षण संशोधकांनी विकसित केलेला, विजेरीवर चालणारा व बॉम्ब निकामी करणारा 'दक्ष' हा दूरनियंत्रित यंत्रमानव २०११ साली लष्कराकडे जाऊ लागला. या सर्वांमध्ये विजेरीतून मोठा प्रवाह वाहतो. आज शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात गाडी मांडणारी मुले उद्या याच कामांत शिरणार आहेत.

आता थोडे गणित करू. लिथियमचे चार घट एकसर जोडलेल्या विजेरीचा सर्वसाधारण दाब १४.८ व्होल्ट असतो. जोरकस गाडी वेग घेताना अशा विजेरीतून ६० अँपिअर प्रवाह सहज ओढते. म्हणजे शक्ती झाली ८८८ वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तुमच्या टेबलावरच्या 'खेळण्यात' एका घोड्याहून अधिक बळ आहे!

घरातला ७५० वॅटचा मिक्सरही जवळजवळ तेवढ्याच शक्तीचा. मग त्याची साधी पिन का वितळत नाही? कारण घरातला दाब २३० व्होल्ट असतो. मिक्सरला जेमतेम सव्वातीन अँपिअर पुरतात. जोडात निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्ही दहावीत शिकता. जोडाचा रोध १० मिलिओहम, म्हणजे ओहमचा शंभरावा भाग, धरू. मिक्सरच्या प्रवाहाने त्यात एक दशांश वॅट उष्णता निर्माण होईल. ६० अँपिअरने ३६ वॅट! सोल्डरिंग आयर्न साधारण एवढ्याच शक्तीचे असते. नायलॉनच्या इवल्या डबीत ते सुरू करून ठेवले तर काय होईल, हे सांगायला नको. रोध अर्धा मिलिओहम असेल, तर हीच उष्णता १.८ वॅटवर येते. म्हणून प्रश्न जोडाच्या रूपाचा नसून त्याच्या रोधाचा आहे.

हा रोध येतो कोठून? धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्यांसारखे असतात. ते टेकतात ते केवळ काही शिखरांवर, आणि सारा प्रवाह त्या अरुंद वाटांतून जातो. स्प्रिंगचा दाब कमी झाला की शिखरे सुटतात. पृष्ठभागावर ऑक्साइड चढले की वाटा बुजतात. रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने स्प्रिंग ढिली पडते आणि रोध आणखी वाढतो. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरचे काळे पडलेले पॉइंट किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या टोकावर चढलेली हिरवट-पांढरी भुकटी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. रोग तोच आहे. चांगल्या जोडांना सोन्याचा पातळ मुलामा देतात तो थाटासाठी नव्हे, तर सोने गंजत नाही म्हणून.

नावांवर किती विसंबावे, तेही पाहा. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली आपली पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी आणली. त्या पिढीच्या ७.२ व्होल्टच्या विजेऱ्यांना शोभणारा, तामिया याच नावाने ओळखला जाणारा जोड थोड्या प्रवाहासाठी ठीक आहे. ६० अँपिअरसाठी तो नाही. आज सर्वत्र मिळणारा पिवळा एक्सटी-६० घ्या. नावातले ६० पाहून मुले तो ६० अँपिअरला बसवतात. परंतु उत्पादकाच्या पत्रकात सतत प्रवाहाची मर्यादा ३० अँपिअर आहे. ६० हा आकडा क्षणभराचा. साडेतीन मिलिमीटरच्या पिनांऐवजी साडेचार मिलिमीटरच्या पिना असलेल्या एक्सटी-९० ची गोष्टही तशीच. तो सतत ४० ते ४५ अँपिअरचाच आहे.

कोणी म्हणेल, मग सर्वांत मोठा जोड घ्यावा आणि मोकळे व्हावे. तेही योग्य नाही. बारीक तारेला मोठा जोड लावला, तर तारच तापते. शिवाय घट्ट जोड सोडवताना मुले तारेला धरून ओढतात आणि सोल्डर तुटते. तार, जोड आणि प्रवाह यांचा मेळ बसला पाहिजे.

मेळ बसला की नाही, हे शाळेतच तपासता येते. १२ व्होल्टची मोटारसायकलची बॅटरी आणि ५५ वॅटचा हेडलाइटचा दिवा घ्या. जोडातून सुमारे ५ अँपिअर प्रवाह जाऊ द्या. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवून एकाच ध्रुवाच्या पिनेच्या दोन्ही टोकांवर, सोल्डरच्या जागी, त्याच्या सळया टेकवा. ५ मिलिव्होल्ट दिसले, तर रोध एक मिलिओहम. ५० दिसले, तर दहा. हा प्रयोग शिक्षकांसमोरच करावा आणि दिव्याला हात लावू नये; तो फार तापतो.

सुरक्षिततेच्या तीन गोष्टींवर मात्र तडजोड नको. पहिली, विजेरीच्या बाजूला नेहमी झाकलेल्या पिनांचा भाग असावा. उघडी टोके एकमेकांना टेकली, तर लिथियमची विजेरी पेट घेऊ शकते. दुसरी, जोड उलटा बसूच नये असा घडलेला असावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, घरातल्या विजेचा दोन पिनांचा प्लग विजेरीला कधीही लावू नये. तो स्वस्त आहे आणि हाताशी असतो, हे खरे. पण एखादे लहान भावंड तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालील, तर २३० व्होल्ट थेट विजेरीवर येतील.

मोठ्या विजेरीला जोडताना ठिणगी उडते, कारण नियंत्रकातली धारित्रे एकदम भरतात. ही ठिणगी पिनेचा मुलामा खाते. ठिणगीरोधक एक्सटी-९० मध्ये ५.६ ओहमचा रोधक आधी टेकतो. १६.८ व्होल्टला भरलेल्या विजेरीतूनही मग ३ अँपिअरहून अधिक प्रवाह सुरुवातीला वाहू शकत नाही. ओहमचा नियम अशा उपयोगासाठीच शिकायचा असतो.

शिक्षकांना माझी सूचना आहे. विज्ञान प्रदर्शनात गाडी किती धावली याला गुण द्याच. पण तिच्याशेजारी एक कार्ड असावे, आणि त्यावर मोटर ओढते तो प्रवाह, जोडाची सततची मर्यादा व मोजलेला रोध हे तीन आकडे असावेत. ज्या गाडीच्या विजेरीला घरगुती प्लग असेल, ती मांडूच देऊ नये. या कार्डाला खर्च काहीच नाही. एक मल्टिमीटर साऱ्या वर्गाला पुरतो, आणि तो बहुतेक प्रयोगशाळांच्या कपाटात आहेच. तो बाहेर काढा.