विश्लेषण : नदीकाठ पिंपरी-चिंचवडचा, हिरवे पाणी उजनीचे, संबंध काय?

उन्हाळा वाढला की भिगवण परिसरात उजनी जलाशयाचे पाणी हिरवे दिसू लागते. त्याच दिवसांत पिंपरी-चिंचवडमध्ये पवना आणि इंद्रायणी जलपर्णीने झाकल्या जातात. शहरात सध्या चर्चा नदीकाठ सुधार प्रकल्पाची आहे. वाकड ते सांगवी टप्प्यात मुळेचा काठ बदलण्याचे काम हाती घेतले असून पवना, इंद्रायणीसाठीही योजना आहेत. काठाचे रूप बदलताना पाण्याचे काय होणार, हा प्रश्न मात्र या चर्चेत मागे पडला आहे.

पाणी हिरवे कशामुळे होते?

पाण्यात तरंगणाऱ्या, साध्या डोळ्यांना सुटे न दिसणाऱ्या वनस्पतींना वनस्पतिप्लवक म्हणतात. सूर्यप्रकाश, ऊब आणि नत्र-स्फुरद मिळाले की त्यांची संख्या एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते. पाणी त्याआधीच पुढे वाहून गेले, तर ती वाढ दिसत नाही. पाणी आठवडाभर एकाच जागी राहिले, तर ते हिरवे होते.

काठाच्या आकाराचा संबंध कुठे येतो?

पाणी किती दिवस थांबणार, हे बऱ्याच अंशी काठ ठरवतो. सरळ काठालगत पाणी वाहते राहते. आत शिरलेल्या, अरुंद तोंडाच्या भागात ते अडकते. तिथे खोली कमी असेल, तर पाणी लवकर तापते आणि प्रकाश तळापर्यंत पोहोचतो. गाळात साठलेले स्फुरदही पुन्हा पाण्यात मिसळते. निळे-हिरवे शेवाळ वर तरंगते, त्यामुळे वारा त्याला ढकलत अशाच कोपऱ्यांत जमा करतो. समुद्रातील उथळ आखातांनाही हाच नियम लागू पडतो.

मग उजनीतच का?

पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे आणि इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. चाकणच्या उत्तरेकडून वाहणारी भामाही भीमेतच जाते. म्हणजे पिंपरी-चिंचवड, पुणे आणि चाकण पट्ट्याचे सांडपाणी अखेर उजनीत पोहोचते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातील ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा आहे. भीमेला मिळणारे ओढे-नाले पाण्याखाली गेल्याने जलाशयाचा काठ झाडाच्या फांद्यांसारखा पसरला आहे. उन्हाळ्यात पातळी घटली की या फांद्या उथळ होतात, काही तुटून डबकी बनतात. वाहत्या नदीत न थांबलेले नत्र-स्फुरद इथे थांबते.

धोका कोणाला?

सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते आणि मच्छीमारांची कुटुंबे याच जलाशयावर जगतात. शेवाळ मेले की कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो, मासे गुदमरतात. काही निळी-हिरवी शेवाळे विष तयार करतात आणि ते पाणी उकळूनही जात नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतील इरी सरोवराच्या उथळ पश्चिम भागात असेच झाले. टोलेडो शहर परिसरातील सुमारे ४ लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले होते.

काठ सरळ करून प्रश्न सुटेल?

नाही. शेवाळ कुठे वाढेल, हे काठ ठरवतो. किती वाढेल, हे सांडपाणी ठरवते. शहरात काँक्रीटचा सरळ काठ बांधला, तर पाणी पुढे सरकेल आणि शहरापुरते दृश्य सुधारेल. प्रश्न मात्र इंदापूर, करमाळ्याच्या दारात जाईल. उलट, काठावर सुशोभनासाठी बंधारा घालून पाणी तुंबवले, तर शहरातच हिरवे डबके तयार होईल. जलपर्णी काढणे हाही अर्धाच उपाय आहे. ती पाण्यावर सावली धरते आणि खतही शोषते. ती काढून काठावरच कुजू दिली, तर ते खत पुन्हा नदीत जाते आणि मोकळ्या झालेल्या पाण्यात शेवाळाला ऊन मिळते.

काय करायला हवे?

पहिला खर्च सांडपाण्यावर व्हावा. नेहमीच्या शुद्धीकरणात सेंद्रिय घाण कमी होते. नत्र आणि स्फुरद काढण्यासाठी प्रकल्पात वेगळी सोय लागते. चाकण एमआयडीसीभोवती वाढलेल्या गावांचे ओढेही या आराखड्यात हवेत. दुसरे, प्रत्येक वळणावर आणि बंधाऱ्यामागे उन्हाळ्यात पाणी किती दिवस थांबेल, याचा हिशेब काठाच्या आराखड्यासोबत जाहीर व्हावा. तिसरे, नाल्यांच्या तोंडाशी पाणगवत आणि काठची झाडे राखावीत, कारण ती खत शोषतात आणि पाण्यावर सावली धरतात.

नदीकाठ प्रकल्पाचे यश फिरायला येणाऱ्यांच्या गर्दीवर मोजणे सोपे आहे. खरे मोजमाप मात्र शहराची हद्द संपते तिथल्या पाण्याचे आणि उजनीत पोहोचणाऱ्या नत्र-स्फुरदाचे व्हायला हवे. खालच्या गावांना तेच पाणी प्यायचे आहे.