कोकणात निघालात? आधी तिथी बघा

दिवाळी संपली की आपल्या शहरातल्या पोरांच्या इन्स्टाग्रामवर समुद्र यायला लागतो. ड्रोनचा शॉट, काळे कडे, त्यावर फुटणारी लाट आणि खाली मजकूर : 'कोस्टल ट्रेल, फक्त १७ सीट्स, पिकअप उस्मानपुरा, क्रांती चौक, शुक्रवार रात्री ९'. यंदा २६ जानेवारी सोमवारी आलाय, म्हणजे शनिवार-रविवार धरून तीन दिवस सलग सुट्टी. त्यामुळे या जाहिरातींना ऊत आलाय. कॉलेजच्या ग्रुपवर रोज एक तरी पोस्टर पडतंच.

एक गोष्ट आधीच सांगते, हे चांगलं चाललंय. आपल्या आईवडिलांच्या पिढीचं कोकण म्हणजे गणपतीपुळे, पावस, मार्लेश्वर, आणि परतताना आंबापोळी. पन्नास जणांची बस, मागच्या सीटवर उलट्या करणारी लहान मुलं, प्रत्येक ठिकाणी 'वीस मिनिटांत परत या' अशी हाक. आताच्या पोरांना देवळाबरोबर कडा बघायचाय, खडकांतून चालायचंय, गावातल्या घरात जेवायचंय. त्यात ११ जुलै २०२५ ला युनेस्कोनं 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावानं बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार थेट समुद्रातले किंवा समुद्राला टेकलेले. साहजिकच त्यांची नावं आता प्रत्येक पोस्टरवर आहेत.

पण 'स्मॉल ग्रुप' हा शब्द आपण फार सहज गिळतोय. सतरा हा आकडा आला कुठून? समुद्राचा, कड्याचा किंवा होडीचा विचार करून तो ठरलेला नाही. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये सतरा सीट असतात, म्हणून ग्रुप सतरा जणांचा. संपला विषय.

आपण तर १९८३ पासून जागतिक वारसा असलेल्या दोन लेण्यांच्या जिल्ह्यात राहतो. अजिंठ्याला चित्रं असलेल्या लेण्यांत एका वेळी ठरावीक माणसांनाच आत सोडतात, कारण श्वासाची वाफ आणि गर्दी चित्रांना सोसत नाही. तिथं गटाचा आकार जागा ठरवते. कोकणात तो गाडी ठरवते. आणि त्या सतरा जणांमागे माहीतगार माणूस किती, तर बहुतेक वेळा एक. तोही आपल्याच शहरातला, गेल्या वर्षी स्वतः पहिल्यांदा तिथे गेलेला. त्याला 'ट्रिप लीडर' म्हणतात. तो हजेरी घेतो, फोटो काढतो, अंताक्षरी सुरू करतो. उत्साही असतो, मेहनती असतो, त्याबद्दल वाद नाही. पण मैदानी दुचाकी राइड सांभाळणं आणि सतरा जणांना लाटांच्या कडेनं खडकांवरून नेणं ही दोन वेगळी कामं आहेत.

यातला फरक समजायला हरिहरेश्वरचं उदाहरण घ्या. या सीझनच्या जवळजवळ प्रत्येक पोस्टरवर ते आहे, कारण आपल्या शहरापासून अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी, माणगाव अशा रस्त्यानं ते चारशेच्या आसपास किलोमीटर पडतं. रात्री निघालं की सकाळी पोचता येतं. तिथं देवळामागून प्रदक्षिणेचा मार्ग आहे. कड्याच्या फटीतून पायऱ्या थेट समुद्रापाशी उतरतात आणि मग खडकांवरून वळसा घालत यायचं. खाऱ्या वाऱ्यानं आणि लाटांनी त्या खडकाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं पडलीत. बघण्यासारखीच जागा आहे. पण हा मार्ग ओहोटीचा आहे. भरतीला समुद्र त्या वाटेवरच येतो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि खडकावर शेवाळ. तिथं लाटेनं माणसं ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

मग ओहोटी कधी? किनाऱ्यावरच्या लोकांकडे याचं एक साधं गणित आहे, आणि ते आपल्या घरातल्या कालनिर्णयवरसुद्धा करता येतं. पंधरवड्यातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल ती साधारण भरतीची वेळ, दिवसाची आणि रात्रीचीही. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. त्यानंतर सव्वासहा तासांनी पाणी पूर्ण उतरतं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते, तिथून हे पाऊण तासाचं गणित आलं. ठिकाणानुसार थोडं इकडेतिकडे होतं, पण अंदाज चुकत नाही.

आता हे आपल्या सुट्टीला लावून बघू. रविवारी २५ जानेवारीला रथसप्तमी आहे. सात गुणिले पाऊण म्हणजे सव्वापाच. पहाटे सव्वापाचला भरती आणि संध्याकाळी सव्वापाचला पुन्हा भरती. जानेवारीच्या शेवटी कोकणात सूर्य मावळतो सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान. म्हणजे 'सनसेट कोस्टल वॉक' म्हणून जे काही विकलं जातंय ते त्या दिवशी भरून आलेल्या पाण्यात आहे. शनिवारी षष्ठी, भरती साडेचारला. सोमवारी अष्टमी, भरती सहाला, अगदी सूर्यास्ताच्या तोंडावर. अष्टमीच्या आसपासची भरती 'भांगाची', ती अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणासारखी उंच चढत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. पण भांगाला ओहोटीही पूर्ण खाली जात नाही, त्यामुळे खडक तितके मोकळेही होत नाहीत.

मी दोन आयोजकांना मेसेज करून एवढंच विचारलं की २५ तारखेला हरिहरेश्वरला भरती किती वाजता आहे. एकाकडून उत्तर आलं, 'डोन्ट वरी, आमचा लीडर एक्स्पिरियन्स्ड आहे', सोबत अंगठ्याची इमोजी. दुसऱ्यानं प्रामाणिकपणे लिहिलं की तिथं गेल्यावर लोकल माणसाला विचारू. मला दुसरं उत्तर जास्त आवडलं. फक्त ते विचारणं प्लॅन छापायच्या आधी व्हायला हवं, पायऱ्या उतरल्यावर नाही.

हे सगळं भीती घालायला लिहीत नाहीये. पण १ फेब्रुवारी २०१६ विसरता येत नाही. पुण्यातल्या एका कॉलेजची शंभरावर विद्यार्थ्यांची सहल रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला गेली होती. दुपारी पोरं पाण्यात उतरली आणि त्यातले चौदा जण परत आले नाहीत. सगळी आपल्याच वयाची. पुढे २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची होडी उलटली, दोघांचा जीव गेला. पहिल्या घटनेत गट मोठा होता, दुसऱ्यात एका होडीत मावेल एवढाच. नुसत्या आकड्यानं कुणी सुरक्षित होत नाही, हे त्यातून दिसतं.

आपल्या मराठवाड्यातल्या पोरांची आणखी एक अडचण आहे, ती कुणी मोठ्यानं बोलत नाही. आपल्यातले बरेच जण पोहायला शिकले ते विहिरीत, शेततळ्यात, फार तर नाथसागराच्या कडेला. 'मला पोहता येतं' असं आपण अगदी मनापासून सांगतो, आणि ते खरंही असतं. पण विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं. समुद्रात लाटेबरोबर किनाऱ्याकडे आलेलं पाणी परत जाताना कुठेतरी वाट काढतं, आणि त्या अरुंद पट्ट्यात ओढ इतकी असते की सरळ किनाऱ्याकडे हात मारणारा दमून जातो. तिथं किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडायचं असतं. वरून बघणाऱ्याला हा पट्टा उलट शांत दिसतो, कारण तिथं लाटा कमी फुटतात. गावातला मच्छीमार लांबूनच बोट दाखवून सांगतो, तिकडं जाऊ नका. आपल्या लीडरला ती जागा सगळ्यात सेफ वाटू शकते.

नियम नाहीत असंही नाही. राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. जमिनीवरचे, पाण्यातले आणि हवेतले उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, प्रशिक्षित माणसं ठेवायची, सुरक्षेची साधनं बाळगायची, असं त्यात आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार आणि किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद ठेवल्या जातात. गोची अशी की गाडी भरून नेणारा माणूस स्वतःला साहसी पर्यटनवाला म्हणवतच नाही. त्याच्या लेखी ही 'ट्रिप' आहे. ट्रेकचं नाव घेतलं की नोंदणी आली, म्हणून पोस्टरवर 'ट्रेल', 'वॉक', 'एक्सप्लोर' असे गुळगुळीत शब्द येतात. पाय मात्र त्याच खडकावर पडतात. माझ्या मते शब्द कोणताही असो, किनाऱ्यावरच्या खडकांत पैसे घेऊन लोकांना नेणाऱ्या प्रत्येकाला ही नोंदणी लागू व्हायला हवी, आणि नोंदणी क्रमांक पोस्टरवरच छापायला लावला पाहिजे.

गाइडचं काम फक्त बुडू न देण्याचं नसतं, हाही मुद्दा आहेच. विजयदुर्गला गेलात तर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि हेलियमचा शोध इथे लागला असं ठोकून सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण खरं, आणि त्यातूनच हेलियमची गोष्ट सुरू झाली हेही खरं. पण त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, आणि ज्याचं नाव घेतलं जातं तो लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये. त्यानं ती पिवळी रेघ तिथूनच, ऑक्टोबरमध्ये पाहिली. ही गोष्ट इतकी भारी आहे की तिला मसाला लावायची गरजच नाही. वेरूळला चांगला गाइड मिळाला तर कैलास लेणं वरून खाली कसं कोरत आणलं हे तो छिन्नीच्या खुणा दाखवून सांगतो. कोकणच्या कड्यांचा काळा दगडही त्याच दख्खनच्या लाव्हाचा. वेरूळचा कातळ आणि हरिहरेश्वरचा कातळ एका कुळातले आहेत, हे संभाजीनगरच्या ग्रुपला सांगणारा लीडर मला भेटायचाय.

कातळशिल्पांचं तर आणखी नाजूक आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या जांभ्याच्या सड्यांवर कोरलेली ही चित्रं सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांच्यासारख्यांनी गावोगाव पायपीट करून जगापुढे आणली. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. बारसूचं नाव २०२३ मध्ये रिफायनरीविरोधी आंदोलनामुळे घराघरांत गेलं, तिथंही कातळशिल्पं आहेत. काही ठिकाणी गावकऱ्यांनी दगडाचा गडगा घातलाय, बाकी बरीचशी उघड्यावर. सतरा जण बूट घालून हत्तीच्या पाठीवर ग्रुप फोटो काढायला उभे राहिले तर थांबवणारं कोणी नसतं. ते काम गाइडचंच.

मग चांगलं मॉडेल कुठं आहे? मला वेळासचं नाव घ्यावंसं वाटतं. मंडणगड तालुक्यातलं हे छोटं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि पुढे कासव महोत्सव उभा राहिला. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान पिल्लं बाहेर येतात. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी ती समुद्राकडे सोडतात. पाहुण्यांनी दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही, आणि एखाद्या दिवशी पिल्लंच निघाली नाहीत तर तक्रार करायची नाही. मुक्काम गावातल्या घरात, जेवण त्याच घरात, माहिती सांगणारा गावातलाच. पैसा गावात राहतो, म्हणून कासव राखणंही गावाला परवडतं.

आपल्या शहरातले आयोजक हे करू शकत नाहीत असं अजिबात नाही. गाडी इथली, लीडर इथला, आणि खडकांत उतरायच्या आधी त्या-त्या गावातला एक माणूस मजुरी देऊन सोबत. सतरा जणांत वाटला तर त्याचा खर्च माणशी एका वडापाव-चहापेक्षा फार वर जाणार नाही. रात्रभर चारशे किलोमीटर गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला दुपारी झोप मिळेल असा प्लॅनही हवा, कारण सोमवारी रात्री तोच आपल्याला ताम्हिणी घाट चढवून परत आणणार आहे. या दोन गोष्टी बुकिंग करताना विचारायला संकोच वाटू नये. पाच-सहा हजार रुपये आपण मोजतोय, आणि आपल्यातल्या अनेकांसाठी ती दोन महिन्यांच्या मेसची रक्कम आहे.

तर २५ तारखेला सकाळी साडेअकराच्या सुमाराला हरिहरेश्वरला पाणी उतरलेलं असेल. माझ्याकडे आलेल्या पोस्टरवर त्या वेळेसमोर लिहिलंय : 'ब्रेकफास्ट, फ्रेश होणे आणि रील टाइम'.