आकड्यालाही फेरफार पाहिजे



परवा एका ग्रुपवर गुलाबी बोंडअळीचा तक्ता आला. पतंगांचे आकडे बघितले आणि चमकलोच. हे तर माझ्याच वहीतले! दोन वर्षांपूर्वी अभ्यास करणाऱ्या एका पोराला दिले होते. तक्त्यात ना गाव, ना तारीख, ना वाण. वर लिहिलेलं, 'तालुक्यातील परिस्थिती'.

माझं नाव नाही याचा राग नाही. पण माझे ते कामगंध सापळे जिनिंगच्या कुंपणाला लागून होते. तिथं साठवलेल्या कापसातून, सरकीतून पतंग निघतात. आकडा जास्तच येणार. एका सापळ्यात रोज ८ पतंग, असं सलग ३ दिवस झालं की फवारणी, हे आपल्याला पाठ आहे. तक्ता बघून लांबच्या शिवारातल्या दोघांनी औषध आणलंसुद्धा. स्वतःचा सापळा न बघता.

सातबारावर नोंदीसोबत फेरफार क्रमांक असतो. जमीन कुणाकडून, कशी आली ते त्यावरून काढता येतं. दुसऱ्याचा आकडा वापरताना तसंच पाहिजे. कोणी मोजला, कुठं, कधी, कशानं, मधे कोणी काय बदललं. दहा जणांचे आकडे एकत्र केले तर दहाही ठिकाणं लिहा.

चूक माझीही आहे. वहीच्या पानावर 'जिनिंगजवळ' असं मीच लिहिलं नव्हतं. आता प्रत्येक पानावर गट नंबर, तारीख, सापळ्याची जागा टाकतो. तुम्हीही टाका. आणि तक्ता आला की आधी विचारा, आकडा कुणाच्या शिवारातला?